कलिंगडाची कळी गळतेय? आधी सकाळी आठला रानात जाऊन बघा

जानेवारीत लावलेली कलिंगडे आता फुलावर येतील. सुरुवातीला नुसती नर फुलेच दिसतात. तेवढ्यावर घाबरून टॉनिक फवारायला धावू नका, मादी फूल मागून येते. पाकळ्यांखाली वाटाण्याएवढे लवदार फळ दिसले की ती मादी.

याच वेळी एक चूक हमखास होते. पांढरी माशी, फुलकिड्यांपासून रोपे वाचवायला घातलेले क्रॉप कव्हर (पातळ कापडाचे आच्छादन) ‘अजून चार दिवस राहू दे’ म्हणत काढायचे लांबते. आत मादी फुले उमलतात आणि मधमाशी बाहेर राहते. कलिंगडाचा पराग चिकट असतो, वाऱ्याने उडत नाही. फूल सकाळी उमलते आणि दुपारनंतर मिटते ते कायमचेच. म्हणून पहिले मादी फूल दिसले की कव्हर काढा.

मधमाशी एकदा बसून भागत नाही, एका मादी फुलाला आठ-दहा वेळा तरी बसावी लागते. पराग कमी पडला तर कळी पिवळी पडून गळते, नाहीतर फळ एका बाजूने फुगून वेडेवाकडे होते. व्यापारी असा माल बाजूला काढतो आणि आपण बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य आणायला दुकान गाठतो. बोरॉनची कमतरता नसतेच असे नाही, पण माश्या फिरतात का हे बघायला पैसे लागत नाहीत.

माश्या कमी असतील तर सातेरी किंवा मेलिफेरा या पाळीव मधमाश्यांच्या एकरी दोन पेट्या ठेवा. त्या फुलोरा सुरू झाल्यावरच आणा, आधी आणल्या तर माश्या शेजारच्या रानातल्या फुलांना लागतात. पेट्या रात्री हलवायच्या, दुपारी सावली मिळेल अशा ठेवायच्या, जवळ खडे टाकलेले उथळ पाण्याचे भांडे हवे. बांधावरच्या झाडाला आग्या मोहोळ असेल तर ते जाळू नका, ते फुकटचे मजूर आहेत.

फुलोऱ्यात इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही कीटकनाशके टाळा. ड्रिपमधून सोडले तरी अंश मकरंदात उतरतो. फळमाशीसाठी क्यू-ल्युरचे (नर फळमाशीला ओढणाऱ्या गंधाचे) सापळे लावा. फवारणी अटळच असेल तर कलिंगड, काकडीत सूर्य मावळताना, फुले मिटल्यावर करा, आणि पेटीवाल्याला आदल्या दिवशी कळवा. दोडका आणि दुधीला मात्र हे वेळापत्रक चालत नाही. त्यांची फुले संध्याकाळीच उमलतात, रात्री पतंगही त्यांवर येतात.

सकाळी आठच्या सुमारास दहा मिनिटे वेलाशेजारी बसा. एकही मधमाशी दिसली नाही तर त्या दिवसापुरते पराग लावायचे काम हाताने उरका. ताजे नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि पराग मादी फुलाच्या मधल्या तिन्ही गोंड्यांवर हलक्या हाताने फिरवा. एका नर फुलाच्या परागात दोन-तीन मादी फुलांचे काम होते. नऊच्या आत संपवा आणि केलेल्या फुलाच्या देठाला सैल दोरा बांधा, म्हणजे चार दिवसांनी कुठली कळी धरली ते कळेल.