इंग्रजी क्रियापदाला ‘इंग’ कधी लावायचं आणि कधी नाही

मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की आपल्याकडची अनेक हुशार मुलं ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘आय अ‍ॅम बिलाँगिंग टू सातारा’ असं बोलून जातात. शब्द बरोबर असतात, चुकतं ते क्रियापदाचं रूप. साध्या आणि चालू वर्तमानकाळाचे तक्ते शाळेत सगळ्यांनी पाठ केले, पण कुठे कोणता वापरायचा हे तक्ता सांगत नाही. मराठी माणसाला यातली बरीचशी उत्तरं आपल्याच भाषेत सापडतात. काही ठिकाणी मात्र मराठीच चकवते.

सुरुवात अशी करा: वाक्य आधी रोजच्या बोलीत म्हणून पाहा. ‘मी बँकेत काम करतो’ ही कायमची गोष्ट, म्हणून ‘आय वर्क इन अ बँक’. ‘मी काम करतोय, नंतर फोन कर’ हे आत्तापुरतं, म्हणून ‘आय अ‍ॅम वर्किंग’. ‘मी नाशिकला राहते’ आणि ‘सध्या मावशीकडे राहतेय’ यांतही हाच फरक आहे, आणि इंग्रजी तो तसाच पाळते: ‘आय लिव्ह इन नाशिक’, ‘आय अ‍ॅम स्टेइंग विथ माय आन्ट’.

पण आपण ‘थांब, येतो’ म्हणतो तेव्हा रूप साधं असलं तरी क्रिया चालू असते. तिथे ‘आय अ‍ॅम कमिंग’च हवं. फोनवर सहज विचारलेल्या ‘काय करतोस?’ला ‘व्हॉट आर यू डूइंग?’ म्हणा. ‘व्हॉट डू यू डू?’ विचारलंत तर समोरचा नोकरीधंदा सांगू लागेल.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, कारण निम्म्या चुका इथेच होतात. मराठी वाक्य ‘मी’ने सुरू होतं की ‘मला’ने, ते बघा. मला कळतंय, मला आवडतंय, मला हवंय, मला आठवतंय, मला वाटतंय: मराठीत या सगळ्यांना ‘-तंय’, ‘-वंय’ छान शोभतं, म्हणून आपण इंग्रजीतही ‘इंग’ लावून मोकळे होतो. इंग्रजी मात्र याला क्रिया मानत नाही, स्थिती मानते. म्हणून ‘आय अंडरस्टँड’, ‘आय लाइक इट’, ‘आय वॉन्ट इट’, ‘आय रिमेंबर’. ‘मला दोन भाऊ आहेत’ हेही त्यातलंच: ‘आय हॅव टू ब्रदर्स’.

एकाच क्रियापदाचे दोन अर्थ असतील तिथे ही कसोटी विशेष उपयोगी पडते. ‘मला हे महाग वाटतं’ म्हणजे ‘आय थिंक इट इज एक्स्पेन्सिव्ह’, पण ‘मी स्कूटर घ्यायचा विचार करतोय’ म्हणजे ‘आय अ‍ॅम थिंकिंग ऑफ बाइंग अ स्कूटर’. ‘मला देऊळ दिसतंय’ला ‘आय सी द टेम्पल’ किंवा ‘आय कॅन सी’, आणि ‘मी उद्या डॉक्टरांना भेटतेय’ला ‘आय अ‍ॅम सीइंग द डॉक्टर टुमॉरो’. ‘मी’ आला की माणूस स्वतः काही करतोय, आणि ‘इंग’ला जागा मिळते. जेवताना ‘आय अ‍ॅम हॅविंग लंच’ बिनचूक आहे ते यामुळेच.

कसोटी सगळीकडे लागू पडत नाही. ‘मला उशीर होतोय’ला ‘आय अ‍ॅम रनिंग लेट’ म्हणतात, आणि ‘मी त्याला ओळखतो’मध्ये ‘मी’ असूनही ‘आय नो हिम’च येतं. नो, बिलीव्ह, बिलाँग, ओन, कन्टेन ही थोडी क्रियापदं सरळ पाठ करा. मॅक्डोनल्ड्सची 2003 पासूनची ‘आय अ‍ॅम लव्हिंग इट’ ही ओळ नियमाविरुद्ध वाटेल, पण तिला ‘या क्षणी मजा येतेय’ एवढंच सांगायचं आहे. ‘आय लव्ह माय मदर’मध्ये तसं चालणार नाही.

भूतकाळात ‘जायचो’ आणि ‘जात होतो’ वेगळे ठेवा. ‘लहानपणी मी सायकलने शाळेत जायचो’ याला ‘आय वॉज गोइंग’ म्हटलं की ऐकणारा ‘मग काय झालं?’ म्हणून थांबून राहतो. तिथे ‘आय यूज्ड टू गो’ हवं. ‘जात होतो, तेवढ्यात पाऊस आला’ असेल तर ‘आय वॉज गोइंग टू स्कूल व्हेन इट स्टार्टेड टू रेन’.

भविष्याचं थोडक्यात: वेळापत्रकाला साधं रूप, ‘द ट्रेन लीव्ह्ज अ‍ॅट सिक्स’. स्वतः ठरवलेल्या बेताला चालू, ‘आय अ‍ॅम लीव्हिंग टुमॉरो’. आणि ‘2019 पासून इथे राहतोय’ला ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स 2019’ नको, ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर सिन्स 2019’ हवं.

‘आय अ‍ॅम हॅविंग अ डाउट’ भारतात सगळ्यांना कळतं, त्याची लाज वाटायचं काहीच कारण नाही. पण नोकरीचा अर्ज, परदेशी ग्राहकाशी पत्रव्यवहार किंवा इंग्रजीची परीक्षा असेल तिथे ते खटकतं. म्हणून ई-मेल पाठवण्याआधी त्यातला प्रत्येक ‘इंग’ शोधा आणि मराठीत ‘मी’ येतो की ‘मला’, ते तपासा. विनंती, वचन, माफी असेल तर आणखी एक पाहा: तिथे शब्द उच्चारले की काम होऊन जातं, म्हणून औपचारिक पत्रात ‘आय अ‍ॅम रिक्वेस्टिंग यू’ खोडून ‘आय रिक्वेस्ट यू’ लिहा.