वह्यांना काही लावू नका, वारा द्या

पंचवटीत रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर आमचं घर. सासऱ्यांकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. कुठल्या गावचं कुठलं घराणं कधी आलं, कोणाचं श्राद्ध केलं, बरोबर कोण होतं आणि खाली यजमानाची सही नाहीतर अंगठा. जुन्या वह्या मोडीत, नंतरच्या देवनागरीत. त्यांची देखभाल आता माझ्याकडे आहे, म्हणून ओळखीपाळखीचे लोक आपापली खरेदीखतं, जमाखर्चाच्या चोपड्या, आजोबांची पत्रं पिशवीतून घेऊन येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "काकू, याला काय लावायचं?"

काही लावायचं नाही. हे माझं मत होतंच, पण त्याला भक्कम पुरावा मिळाला तो कोरियातून.

पुतणीला कोरियन मालिकांचं वेड. त्यात राजा बोलत असताना कोपऱ्यात बसून भराभर लिहिणारा एक माणूस दिसतो, तो खरंच असायचा का, असं तिनं विचारलं आणि मी शोधायला बसले. असायचा. जोसॉन घराण्यातल्या २५ राजांचा, १३९२ ते १८६३ असा ४७२ वर्षांचा इतिहास अशा नोंदींवरून रचला गेला. त्याला सिल्लोक म्हणतात. १९९७ साली युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' यादीत तो गेला. १४०४ मध्ये राजा थेजोंग शिकारीत घोड्यावरून पडला आणि म्हणाला, लेखनिकाला कळू देऊ नका. लेखनिकानं तो पडल्याचं लिहिलं आणि हे वाक्यही लिहिलं! सासूबाई हा किस्सा आल्यागेल्याला सांगतात. मला मात्र त्या राजापेक्षा कपाटात रस होता. एवढा कागद इतकी शतकं टिकला कसा?

मेणाचा धडा

कोरियाचा हान्जी कागद कागदी तुतीच्या सालीपासून हातानं करतात. धागे लांब, म्हणून चिवट. तरी तिथल्या लोकांना काळजी वाटली असणार, कारण सुरुवातीच्या राजांच्या बऱ्याच खंडांच्या पानांना त्यांनी मधमाश्यांचं मेण चढवलं. ओल लागू नये, कीड लागू नये हा हेतू. आज सोलच्या क्युजांगगाक या जुन्या राजग्रंथालयात ठेवलेल्या प्रतीत नेमकी ही मेणाची पानं जास्त बिघडलेली आहेत. रंग काळवंडला, पानं एकमेकांना चिकटली, घडीवर तडकली. ज्यांना काही लावलं नाही ती पानं मात्र अजून सुखरूप उलटता येतात.

तेव्हा लॅमिनेशन नको. तापलेलं प्लास्टिक कागदात उतरतं, ते पुन्हा निघत नाही. सेलोटेप नको, दोन-चार वर्षांत तिचा डिंक पिवळा होऊन पलीकडच्या पानावर उमटतो. फेविकॉल नको, वॉर्निश नको. लिंबाचं तेल चोळा असं कोणी सांगितलं, तर हात जोडा.

आणि हळदकुंकूही नको. हे लिहिताना मला घरचेच रागावतील, पण लक्ष्मीपूजनाला वही पुजताना ओलं कुंकू, ओल्या अक्षता, झेंडूचं फूल असं सगळं आपण थेट त्या कागदावर ठेवतो. शंभर वर्षांच्या वहीवर दरसालचा तो ओला ठिपका पडत गेला की कुंकवाचा डाग आरपार जातो. आमच्याकडे आता पाटावर नवी कोरी वही असते, जुन्या वह्या मागे कपड्यात गुंडाळून. लक्ष्मी अजून रुसलेली दिसत नाही.

वारा कधी आणि कसा द्यायचा

सिल्लोक टिकलं त्यात या कामाचा वाटा मोठा. दर दोन-तीन वर्षांनी दरबारातून एक इतिहास-लेखनिक सिल्लोक ठेवलेल्या डोंगरातल्या भांडारात जायचा. कोरडे दिवस बघून पेट्या उघडायच्या, खंड बाहेर काढून वाऱ्यावर ठेवायचे, परत लाल कापडात गुंडाळून पेटीत भरायचे. या कामाला ते फोस्वे म्हणत. स्थानिक अधिकाऱ्याला परस्पर पेटी उघडायची मुभा नव्हती.

नाशकात पावसाळ्यात वह्या बाहेर काढायच्याच नाहीत. ऑक्टोबरची उन्हं कडक असली तरी भिंती अजून ओल सोडत असतात. दिवाळी उरकली की कार्तिक-मार्गशीर्ष हा आपला काळ. पहाटे गोदाकाठी धुकं आणि दव असतं, म्हणून दहाच्या आधी सुरुवात नाही आणि चारच्या आत सगळं परत आत. घरात आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवा, ऑनलाइन सहज मिळतं. ५५ टक्क्यांच्या खाली काटा असेल तर काढा, ६० च्या वर असेल तर दुसऱ्या दिवसावर ढकला. ६५ च्या वर बराच काळ राहिलं की बुरशी ठरलेलीच.

उन्हात ठेवायचं नाही, हे पुन्हा सांगते कारण पापड वाळवायची सवय हाताला असते. ऊन शाई फिकी करतं, कागद ठिसूळ करतं. ओसरी, पडवी, माजघर, जिथे वारा खेळतो पण ऊन पोचत नाही अशी जागा घ्या. मांजरपाट आणून दोनदा धुऊन त्याची खळ काढा आणि खाली अंथरा. आमच्या वह्या लांबट, वरून शिवलेल्या. त्या मी आडव्या ठेवते आणि दहा-वीस पानांचे थर हलक्या हातानं उचलून मध्ये हवा शिरू देते. पूर्ण उघडून पालथी घालायची नाही, शिवण तुटते. पंखा लावायचा असेल तर तोंड भिंतीकडे.

हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. मोजे घालू नका. फोटोत छान दिसतात, पण मोज्यातून पानाची कड कळत नाही आणि पान फाटतं. बोटाला थुंकी लावून पान उलटणाऱ्याला आमच्याकडे वहीजवळ बसू देत नाहीत, मग तो कितीही मोठा यजमान असो.

धूळ झटकायला रंगाच्या दुकानात मिळणारा मऊ केसांचा ब्रश घ्या, नवा. शिवणीकडून बाहेरच्या कडेला, एकाच दिशेनं. ओलं फडकं अजिबात नाही. मोडी वह्यांची शाई बहुतेक काजळाची असते आणि कोरियातली शाईही काजळीचीच. तिथे इतिहास पक्का झाला की कच्चे मसुदे सोलजवळच्या सेगॉमजॉन्गच्या ओढ्यात धुऊन टाकत. शाई वाहून जाई, कागद पुन्हा लगद्याला जाई. राजानंही वाचू नये म्हणून ही खबरदारी. पाण्यानं काय होतं ते त्यांनी मुद्दाम करून ठेवलंय, आपण चुकून करायला नको.

कसर आणि वाळवी

सिल्लोकच्या पेट्यांत वाळलेल्या वनस्पतींची पूड ठेवत, त्यातली एक आपल्या वेखंडाच्या जातीची. वाचून मला हसूच आलं, कारण सासूबाईंच्या पोथ्यांच्या कपाटातही वेखंडच. पुरचुंडी करा पण कागदाला टेकू देऊ नका, आणि दर पावसाळ्यानंतर बदला. वेखंड कीड येऊ नये म्हणून आहे, आलेली कीड त्यानं मरत नाही. डांबराच्या गोळ्या काढून टाका. माणसाच्या छातीला त्या कसरीपेक्षा जास्त लागतात.

पानावर नागमोडी खाल्लेल्या रेघा किंवा ताजा भुसा दिसला, तर ती वही बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा. कापडात गुंडाळा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ ते २० अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर पाणी धरतं. वाळवीसाठी मात्र फ्रीझर पुरत नाही. वही वाचेल, पण भिंतीतली वाट बुजवणारा माणूस बोलवा आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

फाटलेलं पान

थोडं फाटलं असेल तर तसंच राहू द्या. पानाचा तुकडा सुटून हरवायची भीती असेल तरच हात घाला. त्यासाठी पातळ जपानी कागद आणि गव्हाचा चीक. हो, कुरडयांचाच. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून फडक्यातून गाळायचं, रात्रभर निवळू द्यायचं. वरचं पाणी ओतलं की तळाशी बसतो तो पांढरा चीक. फाटलेली पत्रं सांधायला जगभरचे तज्ज्ञ गव्हाचं हेच सत्त्व वापरतात, कारण पुढे कधी काढावं लागलं तर ते ओलाव्यानं सुटतं. मीठ आणि हिंग घालायच्या आधी दोन चमचे बाजूला काढा, पाचपट पाण्यात मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा, गार करून चाळणीतून घासून घ्या. मोरचूद घालू नका. जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत घालत, पण तांबं कागदाला आतून खातं.

जपानी कागदाची पट्टी कात्रीनं कापायची नाही, पाण्याची रेघ ओढून फाडायची, म्हणजे कडेला धागे सुटतात आणि तेच धरून ठेवतात. खळ पट्टीला लावा, वहीच्या पानाला नाही, आणि इतकी कमी की बोटाला चिकटल्यासारखं वाटेल पण ओलं लागणार नाही. वर टिपकागद आणि वजन, रात्रभर. शाईवरून पट्टी जाणार असेल तर थांबा. पान चुरा होत असेल, शाईनं कागद जाळला असेल, तर ते तज्ज्ञांचं काम आहे.

एकच प्रत म्हणजे शून्य प्रत

सिल्लोकच्या चार प्रती चार ठिकाणी होत्या. १५९२ मध्ये जपानी स्वारी झाली आणि तीन भांडारं जळाली. चौथं जॉन्जूचं. तिथल्या आन उई आणि सोन होंग-रोक या दोघा विद्वानांनी पेट्या उचलून नेजांगसान डोंगरात लपवल्या आणि पाळीपाळीनं राखण केली. त्या एका प्रतीवरून युद्धानंतर पुन्हा प्रती काढल्या, आणि या वेळी बहुतेक भांडारं शहरात न ठेवता दुर्गम डोंगरांत हलवली. त्यातली ओदेसान डोंगरातली प्रत १९१३ मध्ये टोकियोच्या विद्यापीठात नेली आणि १९२३ च्या भूकंपात तिचा बहुतेक भाग जळाला. वाचलेल्यांपैकी ४७ खंड २००६ साली कोरियाला परत मिळाले. इतर भांडारांतल्या प्रती होत्या म्हणून इतिहास शिल्लक आहे.

आपल्याकडे जाळायला सैन्य येत नाही, पूर येतो. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं यावर नाशिककर पूर मोजतो. १९६९, २००८, २०१६, २०१९ ही सालं आमच्या गल्लीत तिथीसारखी पाठ आहेत. त्यामुळे वह्या वरच्या मजल्यावर, आणि तिथेही जमिनीपासून हातभर उंच.

दुसरी प्रत म्हणजे फोटो. चांगल्या फोनचा पुरे. खिडकीच्या बाजूनं येणारा प्रकाश, फ्लॅश बंद, फोन पानाला समांतर, कडेला पट्टी आणि वहीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी. कोरं पान आलं तरी त्याचाही फोटो, म्हणजे मधलं काही सुटलं का याचा संशय राहत नाही. फाइलला नाव वही-पान अशा क्रमानं द्या. एक हार्ड डिस्क घरी, दुसरी नदीपासून लांब, आमची पुण्याला नणंदेकडे. आणि भिजलीच वही, तर पानं सोडवत बसू नका. आहे तशी प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका. दोन दिवसांत बुरशी धरते, गोठलेली वही मात्र सल्ला मिळेपर्यंत वाट बघते.

यादी

खरं तर हे काम सगळ्यात आधी करायचं, पण कंटाळवाणं म्हणून कोणी करत नाही. १८६६ मध्ये फ्रेंच आरमारानं गांगह्वा बेटावरच्या राजग्रंथालयातून उइग्वे नेली, म्हणजे राजघराण्यातले विवाह, अंत्यविधी, सोहळे कसे केले याच्या सचित्र नोंदी. ती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात चिनी पुस्तकं म्हणून नोंदवली गेली आणि शंभरावर वर्षं कोणाला पत्ताच नाही. १९७५ मध्ये तिथेच काम करणाऱ्या पार्क ब्योंग-सॉन यांनी ती ओळखली, आणि २०११ मध्ये २९७ खंड कोरियात आले, तेही कागदोपत्री उसने म्हणून. ग्रंथालयात नीट ठेवलेलं पुस्तकही चुकीच्या नोंदीमुळे हरवतं.

तेव्हा प्रत्येक वहीला क्रमांक, आतल्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं. पेन नको, स्टिकर नको. वेगळ्या रजिस्टरमध्ये क्रमांक, गाव किंवा विषय, पहिलं आणि शेवटचं साल, लिपी, पानं, अवस्था. वारा दिला की तारीख आणि कोणी उघडलं त्याची सही. कोरियन लेखनिकही प्रत्येक वेळी कुठल्या पेटीत कुठले खंड आहेत हे लिहून ठेवत.

कोणाला काय दाखवायचं हेही त्याच रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहा. सेजोंगसारख्या थोर राजानं वडिलांच्या कारकिर्दीचं सिल्लोक बघायला मागितलं, मंत्र्यांनी नाही म्हटलं, आणि तो थांबला. आमच्याकडे यजमानाला त्याच्या घराण्याचं पान दाखवतो, शेजारच्या घराण्याचं नाही. त्यात दुसरी लग्नं असतात, दत्तक असतात, जमिनीचे वाद असतात. पानाचा फोटो हवा असेल तर त्याच पानाचा, आणि व्हॉट्सॲपच्या गटावर टाकणार नाही असं कबूल करून. २०२७ च्या सिंहस्थात गर्दीत हे सांगत बसायला वेळ मिळणार नाही, म्हणून ती पाटी आत्ताच लिहून ओसरीत लावली आहे.