क्रीमी मशरूम-वाइन चिकन का बिघडतं? एकाच पॅनमध्ये करताना या चुका टाळा

चिकन पांढरंफटक आणि चिवट. मशरूम वातड. सॉस पातळ, आणि वर क्रीमचे बारीक कण तरंगतायत. क्रीमी मशरूम-वाइन चिकन पहिल्यांदा करणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून याच असतात, आणि जवळजवळ सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट असते: पाणी. नको तिथे राहिलेलं, किंवा नको त्या वेळी घातलेलं.

या प्रकारात फोडणी नाही, वाटण नाही, तेल सुटेपर्यंत मसाला परतत बसणं नाही. आपला रस्सा पाण्यात शिजतो आणि झाकणाखाली मुरतो. इथे आधी पाणी हाकलायचं आणि मग मोजून थोडं परत आणायचं. म्हणूनच रस्सा उत्तम करणारी माणसंही इथे अडखळतात. हात सवयीने झाकणाकडे जातो.

फ्रान्सच्या आल्सास भागात रीसलिंग या पांढऱ्या वाइनमध्ये कोंबडा शिजवतात, त्यात मशरूम घालतात आणि शेवटी क्रीम. तो हाडांसकट सावकाश होणारा प्रकार. आपण सहसा करतो तो त्याच वळणाचा झटपट अवतार: बोनलेस चिकन, एक पसरट पॅन, पाऊण तास. चौघांसाठी साधारण ६०० ग्रॅम चिकन, ४०० ग्रॅम बटण मशरूम (म्हणजे बाजारातली २०० ग्रॅमची दोन पाकिटं), एक छोटा कांदा, चार पाकळ्या लसूण, १५० मिली वाइन, तेवढाच चिकन स्टॉक, २०० मिली क्रीम, थोडं तेल आणि दोन चमचे लोणी. थाइम ही सुगंधी पानांची वनस्पती मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर अडत नाही.

चिकन ओलं, गार आणि जाड

चिकनवाल्याला नुसतं ‘अर्धा किलो द्या’ म्हटलंत तर तो रश्श्याचे तुकडे करून देणार. ब्रेस्ट अख्खी मागा. घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे नळाखाली खळखळून धुणं, हे आपल्याकडे इतकं मुरलेलं आहे की त्यावर बोललं तरी लोक दुखावतात. पण धुण्यामुळे कच्च्या चिकनमधले जंतू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर सिंकभर उडतात. ते मरतात शिजवल्यावरच. शिवाय ते पाणी चिकनला धरून राहतं आणि पॅनमध्ये पडल्या पडल्या त्याची वाफ होते. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही, आणि मांसाला खरपूस रंग चढायला साधारण १४० अंश लागतात. म्हणून चिकन किचन टॉवेलने किंवा कागदाने दोन्ही बाजूंनी कोरडं करा. बोट लावल्यावर चिकट लागलं पाहिजे, ओलं नाही.

हळद, आलं-लसूण पेस्ट, दही यातलं काहीही लावू नका. पेस्ट करपते, दही पाणी सोडतं, आणि वाइनचा नाजूक आंबटपणा त्यांच्यापुढे टिकत नाही. फक्त मीठ आणि मिरी. मीठ एक तर पाऊण तास आधी चोळा, नाही तर पॅनमध्ये टाकायच्या क्षणी. मधल्या दहा-पंधरा मिनिटांत मीठ आतलं पाणी वर ओढतं, ते पुन्हा आत शोषलं गेलेलं नसतं, आणि तुम्ही नुकतं पुसलेलं चिकन परत घामेजतं.

जाडीकडेही बघा. ब्रेस्ट एका टोकाला तळहाताएवढी जाड आणि दुसऱ्या टोकाला बोटाएवढी असते. जाड टोक होईपर्यंत बारीक टोक कोरडंठाक होतं. सुरी आडवी धरून तिचे दोन पातळ काप करा, किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लाटण्याने हलकेच ठोका. दीड सेंटीमीटर जाडी पुरे. अमेरिकेत मिळणाऱ्या ब्रेस्ट आपल्याकडच्यांपेक्षा बऱ्याच मोठ्या असतात, तिथे हे काप केल्याशिवाय गत्यंतर नाही.

पॅन कुठला आणि किती तापलेला

नॉनस्टिक सोयीचा खरा, पण या सॉसची अर्धी चव चिकन भाजताना तळाला चिकटणाऱ्या तपकिरी खरवडीत असते, आणि नॉनस्टिकला ती नीट धरतच नाही. बिडाचा पॅन रंग सुरेख चढवतो, मात्र तो तेल पाजून नीट मुरलेला नसेल तर वाइनच्या आंबटपणामुळे सॉसला लोखंडी चव येते, कधी करडी छटाही. जाड बुडाचं स्टील सगळ्यात बिनघोर. व्यास २८ ते ३० सेंटीमीटर.

पॅन तापला की तेल, तेल तापलं की चिकन. एकदा ठेवलेलं चिकन लगेच हलवायचं नाही. ते चिकटलंय असं वाटतं आणि आपण उलथनं घालून ओरबाडायला लागतो, पण खालची बाजू भाजून झाली की ते आपसूक सुटतं. पहिल्या बाजूला चार ते पाच मिनिटं, दुसऱ्या बाजूला तीन. तुकड्यांमध्ये बोटभर जागा सोडा. जागा नसेल तर दोन घाण्यांत करा. गर्दी केली की वाफ कोंडते आणि चिकन भाजण्याऐवजी उकडतं. लोणी सुरुवातीला नको, त्यातले दुधाचे कण जळतात. साजूक तूप जळणार नाही, पण त्याचा वास या सॉसमध्ये उपरा वाटतो, निदान मला तरी.

जाड भागात ७४ अंश सेल्सिअस झालं की चिकन शिजलं. थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड तुकडा कापून बघा: आत गुलाबी, काचेसारखं काही दिसायला नको. नंतर ते पुन्हा सॉसमध्ये जाणार आहे, म्हणून जरा आधीच काढून ताटलीत ठेवलंत तरी चालेल.

मशरूम: इथे घाई नडते

मशरूममध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ४०० ग्रॅम मशरूम म्हणजे पॅनमध्ये जवळजवळ दीड कप पाणी ओतण्यासारखं आहे, फक्त ते दिसत नाही. ते गरम झाले की ते पाणी बाहेर पडतं आणि पहिल्यांदा करणारा घाबरतो, किंवा ‘बरं झालं, सॉस आपोआप तयार झाला’ म्हणून त्यातच वाइन ओततो. मग सगळं बेचव होतं.

तेव्हा काय करायचं? गॅस मोठा ठेवायचा आणि झाकण अजिबात ठेवायचं नाही. आधी चर्रर्र आवाज येतो, मग पाणी सुटलं की तो बदलून खदखदतो, आणि पाणी आटलं की पुन्हा चर्रर्र सुरू होतो. हा दुसरा चर्रर्र ऐकू आला की मशरूम खऱ्या अर्थाने परतायला लागले. आता एक चमचा लोणी टाका आणि कडा तपकिरी होईपर्यंत थांबा. सगळं मिळून आठ-दहा मिनिटं जातात, कधी बाराही. मशरूम जास्त शिजतील ही भीती सोडा. त्यांच्या पेशींच्या भिंती कायटिन नावाच्या चिवट पदार्थाच्या असतात, भाजीसारख्या त्या मऊ पडून लगदा होत नाहीत. वातड लागतात ते बहुधा आपल्याच पाण्यात अर्धवट उकडून काढलेले.

धुवायचे की पुसायचे, यावर लोक उगाच वाद घालतात. झटकन धुतले आणि लगेच पुसले तर फरक नगण्य. पाण्यात भिजत मात्र ठेवू नका. काप फार पातळही नकोत, आटून त्यांचा चिवडा होतो. मध्यम मशरूमचे चार भाग पुरेत. मीठ शेवटी.

कांदा मशरूम तपकिरी झाल्यावर, आणि लसूण त्याहून नंतर, वाइन ओतण्याच्या फक्त अर्धा मिनिट आधी. लसूण सुरुवातीला घालणं ही रश्श्याची सवय. इथे तो मोठ्या आचेवर दहा मिनिटं टिकणार नाही, करपेल, आणि तो कडवटपणा क्रीमनेही झाकला जात नाही.

वाइन कुठली, आणि कधी

पांढरी आणि कोरडी, म्हणजे गोड नसलेली. सोव्हिन्याँ ब्लाँ डोळे मिटून घ्या. नाशिक-दिंडोरीकडच्या वायनरींची सहज मिळते आणि त्यातला लिंबासारखा आंबटपणा क्रीमला बरोबर तोलतो. शेनिन ब्लाँ घेताना जरा जपून, आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्या किंचित गोडसर असतात, आणि आटल्यावर तो गोडवा दाट होतो. गोव्याहून कुणीतरी आणलेली गोड लाल ‘पोर्ट’ कपाटात असते, ती ‘संपवून टाकू’ म्हणून घालायचा मोह होतो. नको. सॉस जांभळट-करडा होतो आणि चव सरबताकडे झुकते. अमेरिकेतल्या दुकानांत ‘कुकिंग वाइन’ म्हणून जी बाटली मिळते तिच्यात मीठ घातलेलं असतं, तीही नको. महागडी बाटली फोडायचीही गरज नाही, आटवताना तिचा सुगंध उडूनच जाणार.

वाइन ओतताना पॅन आचेवरून बाजूला घ्या, नाहीतर गॅसच्या ज्योतीने भडका उडू शकतो. ओतली की लाकडी उलथन्याने तळ खरवडा, सगळी तपकिरी खरवड सुटून वाइनमध्ये विरघळली पाहिजे. खरवड तपकिरी असेल तरच. काळी पडली असेल तर वाइन घालण्याआधी पॅन पुसून घ्या आणि ती चव गेली म्हणून समजा. जळकं विरघळवून आख्खा सॉस कडू करण्यापेक्षा ते बरं.

आता सगळ्यात सर्रास होणारी चूक: वाइन घातली आणि लगेच क्रीम. वाइन निम्म्याहून कमी होईपर्यंत आटवा, तीन-चार मिनिटं. नाकाला झोंबणारा वास गेला की झालं. मग स्टॉक, तोही निम्म्यावर. स्टॉकचा तयार क्यूब वापरत असाल तर तो खारट असतो आणि आटल्यावर आणखी खारट होतो, म्हणून मीठ क्रीम घातल्यानंतरच चाखून घाला.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ‘शिजवल्यावर दारू उडून जाते’ हे अर्धसत्य आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पदार्थात मिसळून १५ मिनिटं शिजवल्यावरही साधारण ४० टक्के अल्कोहोल उरतं, अर्ध्या तासाने ३५ टक्के. इथे मुळात ते थोडंच असतं आणि चौघांत वाटलं जातं, पण कुणी अजिबात घेत नसेल, कुणी गरोदर असेल किंवा पानावर लहान मुलं असतील तर वाढण्याआधी सांगा. किंवा वाइन वगळून स्टॉक थोडा वाढवा आणि शेवटी चमचाभर लिंबाचा रस पिळा. चव वेगळी होईल, वाईट नाही.

क्रीम का फुटतं

परदेशी पाककृतीत ‘हेवी क्रीम’ लिहिलेलं असतं, त्यात स्निग्धांश ३६ टक्के किंवा अधिक. आपल्याकडचं टेट्रापॅकमधलं फ्रेश क्रीम २५ टक्क्यांच्या आसपास. स्निग्धांश जितका कमी तितकी दुधातली प्रथिनं आंबट आणि गरम सॉसमध्ये लवकर गोळा होतात. म्हणजे आपल्या क्रीमला ती पाककृती जशीच्या तशी लावली की कण दिसणारच. उपाय साधे आहेत: वाइन नीट आटलेली हवी, क्रीम फ्रिजमधून आधी काढून ठेवलेलं हवं, आणि ते घातल्यावर गॅस मंद. कडेला बारीक बुडबुडे येतील इतकंच, खळखळून उकळी नाही. घरची साय वापरणार असाल तर आधी चांगली फेटून गाळून घ्या. दही नकोच.

सॉस चमच्याच्या मागे लागला आणि त्यावर बोट फिरवल्यावर रेघ टिकली की दाटपणा बरोबर. तेव्हाच चिकन परत घाला, ताटलीत सुटलेल्या रसासकट. तो रस फेकणारे लोक मी पाहिले आहेत, अक्षरशः सिंकमध्ये. एक-दोन मिनिटं गरम केलं की पुरे, उरलेलं लोणी घालून गॅस बंद.

बिघडलंच तर

सॉस फुटला: चिकन आणि मशरूम झाऱ्याने बाहेर काढा, पॅन आचेवरून उतरवा. वाडग्यात दोन चमचे गार क्रीम घ्या आणि फुटलेला सॉस चमच्याचमच्याने त्यात फेटत मिसळा. तरी जमलं नाही तर हँड ब्लेंडर.

पातळ राहिला: चिकन बाहेर, सॉस मंद आचेवर आणखी चार मिनिटं. घाई असेल तर अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून. जास्त नको, तकाकी खोटी दिसते.

आंबट झाला: चिमूटभर साखर आणि लोण्याचा तुकडा. खारट झाला: बिनमिठाचं क्रीम वाढवा. बटाट्याची फोड टाकल्याने काही होत नाही, ती खारट पाणी शोषते आणि उरलेलं तितकंच खारट राहतं.

चिकन कोरडं झालं: त्याला इलाज नाही, पण धाग्यांना आडवे पातळ काप करून सॉसमध्ये माखून वाढलंत तर बऱ्यापैकी झाकलं जातं. पुढच्या वेळी बोनलेस थाय (मांडीचा भाग) घ्या, त्यात चरबी जास्त असल्याने चार मिनिटं इकडेतिकडे झाली तरी माफ असतात.

कोथिंबीर भुरभुरू नका, सगळी डिश क्षणात दुसरीकडे जाते. पार्सली नसेल तर पातीच्या कांद्याची हिरवी पात बारीक चिरून. सोबत कुस्करलेला बटाटा, साधा भात किंवा सॉस पुसायला पाव. गोव्यात असाल तर पोई. पोळीबरोबर मात्र हे जुळत नाही.

उरलं तर फ्रिजमध्ये दोन दिवस. मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण ताकदीवर लावलंत तर क्रीम फुटणार आणि चिकन कडक होणार. पॅनमध्ये दोन चमचे दूध घालून मंद आचेवर, वाफा येईपर्यंत, अधूनमधून ढवळत गरम करा.