प्रोस्टेटचा रुग्ण टेबलावर येण्याआधी : नव्या रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्टसाठी

बारावी सायन्सनंतर रेडिओथेरपी टेक्नॉलॉजीला येणाऱ्या मुलामुलींना वाटतं, इथे मशीन शिकायचं असतं. लिनॅकची, म्हणजे बाहेरून किरण देणाऱ्या मशीनची, बटणं काही महिन्यांत अंगवळणी पडतात. प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णाचं निम्मं काम मात्र वेटिंगच्या बाकावरच होतं, आणि तेच शिकायला वेळ लागतो.

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी. वर मूत्राशय, लगेच मागे गुदाशय. गुदाशयात गॅस किंवा मल साठला की ग्रंथी पुढे ढकलली जाते. सरकते काही मिलिमीटर, पण आपण ग्रंथीभोवती सोडलेलं मार्जिनही काही मिलिमीटरचंच असतं. मूत्राशय भरलेलं असलं तर त्याचा बराचसा भाग आणि आतडी किरणांच्या वाटेबाहेर राहतात. म्हणून प्लॅनिंग सीटीच्या, म्हणजे उपचार आखण्यासाठी काढलेल्या स्कॅनच्या, दिवशी पोटात जी स्थिती होती, तीच रोज हवी.

‘पाणी प्या आणि लघवी रोखा’ एवढं सांगून निघून जाऊ नका. मधुमेह आहे का, लघवीची गोळी कधी घेतली, सकाळी पोट साफ झालं का, हे रोज विचारा. या आजारात लघवी धरून ठेवणं मुळातच कठीण असतं. मशीन उशिरा चालत असेल तर काकांनी पहिला ग्लास तोंडाला लावण्याआधी त्यांना सांगा. ताटकळत बसलेला म्हातारा माणूस कळ सोसतो, बोलत नाही. शेजारी सून बसलेली असली तर ‘हो हो, झालं पोट साफ’ म्हणून मोकळा होतो. बाजूला न्या, हळू आवाजात, सरळ शब्दांत विचारा. मुलींनो, तुम्ही अवघडलात नाहीत तर तेही अवघडत नाहीत. टेबलावर कपडे खाली घेताना आधी अंगावर चादर टाका. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

किरण देण्याआधी टेबलावरच कोन-बीम सीटी हा स्कॅन घेतात. तो प्लॅनिंग सीटीशी ताडताना हाडं जुळली म्हणून थांबू नका. ग्रंथी हाडांबरोबर हलत नाही. ग्रंथीत खुणेसाठी सोन्याचे मार्कर बसवलेले असतील तर ते जुळवा, मग गुदाशय बघा. फुगलेला दिसला तर सिनियरना दाखवा, रुग्णाला उठवा, फिरून येऊ द्या, पुन्हा स्कॅन घ्या. बाहेर रांग लागलेली असताना हे जिवावर येतं, तरी करा. कारण उपचाराचे दिवस आता कमी झालेत. पूर्वी 78 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) 39 भागांत, म्हणजे 39 वेळा विभागून, देत. ब्रिटनमधल्या चिप चाचणीचे निष्कर्ष 2016 मध्ये आले आणि 60 ग्रे 20 भागांत देणं रुळलं. निवडक रुग्णांना आता 36.25 ग्रे फक्त 5 भागांत देतात. तिथे एक दिवस चुकला म्हणजे पाचवा हिस्सा उपचार चुकला.

मुंबईच्या टाटा मेमोरियलची पॉप-आरटी चाचणी नक्की वाचा. जास्त धोक्याच्या 224 रुग्णांपैकी निम्म्यांना ओटीपोटातल्या लिम्फ नोड्सनाही किरण दिले. 5 वर्षांनंतर त्यांच्यातल्या 95 टक्के जणांचा पीएसए (आजार परतला का हे दाखवणारी रक्ततपासणी) ताब्यात होता, फक्त प्रोस्टेटला किरण दिलेल्यांत 81 टक्के. अशा प्लॅनमध्ये आतडी अधिक जवळ येतात, म्हणजे मूत्राशयाकडे अधिक लक्ष.

स्वतःचा टीएलडी बॅज, म्हणजे आपल्या अंगावर पडलेले किरण मोजणारा बिल्ला, विसरू नका. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा सलग 5 वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आहे, कोणत्याही एका वर्षात 30. दार लावण्याआधी खोलीत आपली नजर फिरलीच पाहिजे.

‘लाईट घेतल्यावर नातवाला जवळ घेऊ का?’ हा प्रश्न हमखास येतो; रुग्ण किरणांना ‘लाईट’ म्हणतात. बाहेरून किरण दिले असतील तर बेलाशक घ्या म्हणावं, शरीरात काही उरत नाही. किरणोत्सारी बिया कायमच्या बसवल्या असतील तर नियम वेगळे, तिथे डॉक्टरांकडे पाठवा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लघवीला जळजळ, रात्री वारंवार उठणं, पातळ शौच सुरू होऊ शकतं. ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर माणूस घाबरून मधेच उपचार सोडतो. शेवटच्या दिवशीही एक सांगायचं असतं : पीएसए लगेच तळाला जात नाही, उतरायला कित्येक महिने लागतात, मधे थोडा वरही जाऊ शकतो. रिपोर्ट हातात आला की तो घेऊन थेट डॉक्टरांकडेच या.