रॅम वाढवली आणि डिस्प्ले गेला

गणपतीचे दिवस आणि मे महिना, या दोन्ही वेळी माझ्याकडे एक तक्रार हमखास येते: "नवी रॅम टाकली, आता डिस्प्लेच येत नाही." मुंबईचे चाकरमानी येताना लॅमिंग्टन रोडवरून रॅम आणतात, घरच्या जुन्या काँप्युटरमध्ये बसवतात, आणि त्यांची परतीची गाडी सुटेपर्यंत काँप्युटर बंद पडलेला असतो. बऱ्याचदा रॅमही चांगली असते आणि बोर्डही (मदरबोर्ड, ज्यावर सगळे भाग बसतात). म्हणून सीपीयूचा डबा रिक्षात घालून मालवणात माझ्याकडे आणण्याआधी घरी काय करून बघायचं, ते सांगते.

त्याआधी एक कळकळीची सूचना. काँप्युटर सुरू होतोय पण मध्येच निळा स्क्रीन येतोय, झिप फाइल उघडताना एरर येतोय, ब्राउझर आपोआप बंद होतोय, असं असेल तर त्यावर फोटो कॉपी करू नका आणि फॉरमॅट तर मुळीच मारू नका. डिस्कवर जे लिहिलं जातं ते आधी रॅममधून जातं. रॅम खराब असेल तर फाइल बिघडलेल्या अवस्थेतच सेव्ह होते, आणि ते कळतं कधी, तर वर्षभराने लग्नाचा अल्बम उघडल्यावर. नवं विंडोज टाकलं तरी तेही खराब रॅममधूनच डिस्कवर जाणार. आधी रॅमचा निकाल लावा, बाकी सगळं नंतर.

आता काम. बटण बंद करून प्लग भिंतीतून काढा आणि मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल. प्लग लावलेला असताना, काँप्युटर बंद दिसत असला तरी, बोर्डावर पाच व्होल्ट चालू असतात. त्या अवस्थेत रॅम ओढली तर चांगली रॅमही जाऊ शकते. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा आणि मगच आत हात घाला.

नवी रॅम काढा आणि जुनी पूर्वीच्याच जागी एकटी लावून बघा. चालू झाला? मग बोर्ड, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), प्रोसेसर सगळं ठीक आहे. आता त्याच स्लॉटमध्ये नवी एकटी लावा. चालली तर रॅम चांगली आहे. मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. तिथे कोणतीच रॅम चालत नसेल तर दोष स्लॉटचा. दोन्ही एकेकट्या चालतात पण एकत्र चालत नाहीत, असं झालं तर त्यांचं एकमेकींशी जमत नाही. बायोसमध्ये (काँप्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम जादा वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करा आणि रॅमचा स्पीड खाली आणा. चार स्लॉटच्या बोर्डवर दोन रॅम लावायच्या असतील तर सहसा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट धरायचा.

आमच्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त दोष सापडतो तो पिनांत, म्हणजे रॅमच्या कडेच्या सोनेरी पट्ट्यांत. नव्या रॅमसाठी जो रिकामा स्लॉट उघडता, तो वर्षानुवर्षं तसाच पडलेला असतो: खारी हवा, पावसाळ्यातली ओल, वर जांभ्याची तांबडी धूळ. जुनी रॅम उजेडात तिरकी धरा. सोनेरी पट्ट्या एकसारख्या चमकायला हव्यात. मला बहुधा त्यांवर काळपट किंवा हिरवट ठिपके दिसतात, कधी फक्त कडेच्या दोन-चार पट्ट्यांवर, आणि तेवढ्याने डिस्प्ले जातो. पांढऱ्या खोडरबरने एकाच दिशेने हलक्या हाताने पुसा. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, त्यामुळे पॉलिश पेपर लावाल तर रॅम कायमची जाईल. रबराचा चुरा झटकून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. कोरडा, मऊ ब्रश फिरवा.

बसवताना खाच जुळवा आणि दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली दाबा. 'टक्' असा आवाज होऊन क्लिप आपोआप वर यायला हवी. काही बोर्डांना एकाच बाजूला क्लिप असते, तिथे दुसरं टोक अर्धवट राहतं आणि वरून बघून कळत नाही. अशी अर्धी बसलेली रॅम मला इतक्यांदा मिळाली आहे की, मी पहिलं तेच बघते.

एवढं करूनही नवी एकटी चालत नसेल तर ती त्या बोर्डची आहे का ते बघा. डीडीआर-३, डीडीआर-४ या रॅमच्या पिढ्या: डीडीआर-३ ला २४० पिना आणि डीडीआर-४ ला २८८, खाचेची जागाही वेगळी, त्यामुळे चुकीची बसतच नाही. जोर लावू नका. खरी फसगत होते ती ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या ८ जीबीच्या डीडीआर-३ मध्ये. ती खाचेत बरोबर बसते, पण वर्णनात कुठेतरी 'फक्त एएमडीसाठी' असं लिहिलेलं असतं. तिच्या चिपांची रचना इंटेलच्या बोर्डांना वाचता येत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पिढीचा आय-थ्री किंवा आय-फाइव्ह असेल, तर फक्त आठ चिपांची ८ जीबी रॅमही चालणार नाही. तिथे दोन्ही बाजू मिळून सोळा चिपा लागतात.

रॅम योग्य असूनही डिस्प्ले नसेल तर बोर्डवरचा सीआर-२०३२ चा गोल सेल, प्लग काढलेला असतानाच, पाच मिनिटं काढून ठेवा आणि परत लावा. बायोसच्या जुन्या सेटिंग्ज पुसल्या जातात. डीडीआर-५ चा काँप्युटर असेल तर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं काळाच राहतो. थांबा, बटण दाबू नका.

चालू झाला पण रॅम कमी दिसते? ३२ बिटचं विंडोज ४ जीबीच्या वर जात नाही. ६४ बिट असूनही कमी दिसत असेल तर एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोजच्या सर्चमध्ये msconfig टाइप करा) बूटच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम मेमरी'ची टिक काढा.

शेवटी चाचणी, आणि ही टाळू नका. मेमटेस्ट-८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम फुकट आहे, पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसतो, म्हणून इन्व्हर्टर असेल तर त्यावरच लावा. स्क्रीनवर एक जरी एरर आला तरी एकेक रॅम वेगळी लावून पुन्हा तपासा, आणि एरर देणारी रॅम घरात ठेवू नका. 'एकच तर आहे' म्हणून वापरत राहिलेल्यांच्या फाइली मी बघितल्या आहेत.

खराब निघाली तर बिल आणि रॅमवरचं स्टिकर, दोन्ही शाबूत हवीत. स्टिकर सोललं की वॉरंटी हातची जाते. आणि पुढच्या वेळी मुंबईहून कुणाला आणायला सांगाल तेव्हा नुसतं '८ जीबी' सांगू नका. जुन्या रॅमच्या लेबलचा फोटो आणि 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये दिसणारं बोर्डचं मॉडेल, दोन्ही त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, आणि चालली नाही तर बदलून मिळेल ना, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यायला सांगा.