मेदपेशी घडताना कनेक्झिन ४३ कसं मोजावं

खानापूरच्या मराठी शाळेतून बेळगावच्या लॅबमध्ये आले, तेव्हा गॅप जंक्शन म्हणजे काय हे मला कुणी आपल्या भाषेत सांगितलं नव्हतं. आमच्या भागातल्या मुलामुलींसाठी म्हणून हे लिहितेय.

आमच्या जुन्या घराच्या सामाईक भिंतीत एक झरोका आहे. शेजारच्या काकू त्यातून विरजणाची वाटी देतात. वाटी जाते, घागर जात नाही. दोन पेशींमधला असा झरोका म्हणजे गॅप जंक्शन, आणि तो कनेक्झिन ४३ या प्रथिनाचा. सहा रेणूंची अर्धी नळी, समोरच्या पेशीची अर्धी तिला जुळली की वाट मोकळी. साधारण १००० डाल्टनपर्यंतचं (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) पलीकडे जातं.

स्टेम सेलची (जिच्यापासून वेगवेगळ्या पेशी घडू शकतात अशी मूळ पेशी) मेदपेशी, म्हणजे चरबी साठवणारी पेशी, होताना सुरुवातीला हे झरोके लागतात. चरबी भरू लागली की प्रथिन कमी होत जातं. मी पहिल्या वर्षी फक्त १४व्या दिवशी नमुना घेतला, वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून हवं ते ओळखायची चाचणी) त्याची पट्टी फिकट आली आणि 'या प्रथिनाचं इथे काम नाही' असं लिहून बसले. सहा महिने वाया गेले. तुम्ही ०, १, ३, ७ आणि १४ या सगळ्या दिवसांचे नमुने घ्या.

आधी प्लेट गच्च भरू द्या. पेशी एकमेकींना टेकल्याच नाहीत तर झरोका होणार कुठून? मग पेशींना मेदपेशी व्हायला लावणारं मिश्रण घाला: डेक्सामेथासोन १ मायक्रोमोलर, आयबीएमएक्स ०.५ मिलिमोलर, इंडोमेथासिन २०० मायक्रोमोलर आणि इन्सुलिन १० मायक्रोग्रॅम प्रति मिली. तुलनेसाठी एक प्लेट साध्या मीडियमवर (पेशी वाढवायच्या पोषक द्रवावर) ठेवायचीच. चरबी भरलेल्या पेशी पटकन सुटतात, म्हणून पिपेटचं टोक कडेला टेकवून निम्मंच मीडियम बदला.

हे प्रथिन काही तासांतच निम्मं होतं. पेशी बर्फावरच फोडा, फॉस्फटेज इनहिबिटर (प्रथिनावरचे फॉस्फेट निघू न देणारं द्रव्य) विसरू नका. आषाढात वीज जाऊन इनक्युबेटर बंद पडला, तर त्या दिवसाचा नमुना धरू नका. मीही टाकून दिलाय.

वेस्टर्न ब्लॉटवर ४३ किलोडाल्टनच्या आसपास दोन-तीन पट्ट्या दिसतील. वरच्या फॉस्फेट लागलेल्या, त्याही मोजा. तुलनेला जीएपीडीएच (नेहमी मापाला धरतात ते प्रथिन) घेऊ नका, मेदपेशी होताना तेच बदलतं. पॉन्सो या रंगाने एकूण प्रथिन मोजलेलं बरं.

प्रथिन आहे म्हणजे वाट चालू आहे असं नाही. ते बघायला ल्युसिफर यलो हा पिवळा रंग (४५७ डाल्टन) आणि झरोक्यातून न जाणारं १०,००० डाल्टनचं लाल रोडामिन डेक्स्ट्रान एकत्र घाला, ब्लेडने एक रेघ ओढा, पाच मिनिटांनी धुवा. लाल रंग रेघेवरच्या पेशींतच अडकतो, पिवळा आत सरकतो. किती ओळी सरकला, ते मोजा.

झरोके बंद करून बघायचे तर कार्बेनॉक्सोलोन. आजी खोकल्याला जे ज्येष्ठमध चघळायला देते, त्यातल्याच द्रव्यापासून ते बनतं. एका प्लेटला पहिले तीन दिवस द्या, दुसरीला सातव्या दिवसानंतर. ते आणखीही कामं बिघडवतं, त्यामुळे एसआयआरएनएने (ठरावीक प्रथिन बनूच न देणारा छोटा आरएनए) खात्री केल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.

१४व्या दिवशी दोन्ही प्लेटवर ऑइल रेड ओ (चरबीला लाल करणारा रंग) घाला, त्याआधी ६० टक्के आयसोप्रोपेनॉलने धुवा. प्लेट सुकू देऊ नका. सुकली की लाल मण्यांसारखे थेंब फुटून एकमेकांत मिसळतात आणि मोजणी चुकते.