‘मेनिलमोंतां’ बघायचाय? मग आधी मोबाईल लांब ठेवा

1926 चा फ्रेंच मूकपट आहे, दिमित्री किर्सानॉफचा, पाऊण तासही लागत नाही. आणि यात एकही पाटी नाही. मूकपटात मधेमधे संवादाच्या पाट्या येतात ना, त्यासुद्धा नाहीत, त्यामुळे फ्रेंच येत नाही ही सबब चालणार नाही, ज्यांना येतं त्यांनाही काही जास्त कळत नाही.

तर मोबाईल दुसऱ्या खोलीत. खरंच. एरवी आपण खाली बघत बघत कानाने सिनेमा बघतो, इथे ती सोयच नाही, दोन सेकंद नजर हटली की कोणीतरी येऊन गेलेलंही असतं.

मग स्पीड तपासा. माणसं तुरुतुरु पळताना दिसली तर कॉपी चुकीच्या वेगाने चाललीये, त्या काळी बऱ्याचदा कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण 16 ते 20 फ्रेम, तेच 24 ने चालवलं की सगळ्यांना घाई होते. प्लेअरमध्ये 0.75 करून बघा, चाल बरोबर वाटली की तेच ठेवा.

संगीत पहिल्या वेळी म्यूट. तेव्हा थिएटरात वाजवणारे असायचे हे मान्य, पण नंतर चिकटवलेला पियानो आधीच सांगून टाकतो की आता रडा.

आणि हो, शांत सिनेमा म्हणून लावाल तर सुरुवातीलाच कुऱ्हाडीने खून आहे, धडाधड कट, बंद करू नका. पोरक्या झालेल्या दोघी बहिणी पॅरिसला येतात, कागदी-कापडी फुलं बनवायचं काम करतात, मग एक तरुण मधे येतो. पुढचं सांगत नाही.

फक्त बाकाचा सीन आला की पॉज करू नका, मागेही नेऊ नका. धाकट्या बहिणीच्या कडेवर तान्हं मूल, पोटात काही नाही, आणि शेजारी एक म्हातारा ब्रेड आणि सॉसेज खातोय. तो एक तुकडा बाकावर ठेवतो, काही गाजावाजा नाही, जणू सहजच बाजूला काढलाय. ती उचलते, खाते आणि खातानाच रडते. तिचं काम करणाऱ्या नादिया सिबिर्स्कायाचा चेहरा असा आहे की आपण तिच्याकडेच बघत राहतो, म्हणून म्हाताऱ्याचा हात हमखास निसटतो.

तो हात बघायला दुसऱ्यांदा लावा, त्याच रात्री नको, दोनचार दिवसांनी.